चिमट्याचा जाम बोल्ट डिझेल आणि घणाने सुटत नाही

मोटरसायकलचा मागचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, ज्या लांब बोल्टवर हलतो तो जाम झाला की सल्ला ठरलेला: रात्रभर डिझेल सोडा, सकाळी घण घाला. अर्धं नुकसान यातच होतं. बोल्ट गंजून धरतो तो चिमट्याच्या भोकात बसवलेल्या बुशच्या, म्हणजे अस्तराच्या, लोखंडी नळीत. गंज फुगून फट बुजवतो, मग डिझेल आत झिरपणार कुठून? आणि घणाने बोल्टचं टोक फुलतं. फुललेलं टोक फ्रेमच्या भोकातून जात नाही.

आधी बोल्ट फिरवा. नट सैल करा, काढू नका. दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारा, सहा कोनी सॉकेट आणि लांब दांडा लावून बोल्टचं डोकं पाव फेरा पुढे, पाव मागे. बोल्टबरोबर नळीही फिरत असेल तर बुशचं रबर फाटतंय. बुश नवीनच लागणार. बोल्ट मोकळा फिरू लागला की नट टोकाशी समपातळीत आणून पितळी ड्रिफ्टने, म्हणजे मध्ये धरायच्या कांडीने, ठोका. तरीही हलला नाही, तर फ्रेम आणि चिमट्याच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापा.

नवा बोल्ट कोरडा बसवू नका, दांड्याला ग्रीस लावा. रबरी बुश असेल तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून. लोंबत्या चिमट्यावर आवळलं की रबर कायम पिळलेलं राहतं.