‘मी खेळायला जातोय’ ते ‘त्याची प्लेडेट आहे’

“आई, मी खेळायला जातोय!” हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत पोरगं जिना उतरलेलं असायचं. कोणाकडे, किती वाजेपर्यंत, असलं काही त्यात नसे. दिवेलागणीला परतायचं, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, “शनिवारी ४ ते ६ आमच्या छोट्याची प्लेडेट ठेवलीय.” म्हणजे आईबाबांनी वेळ ठरवून मुलांना खेळायला एकत्र आणायचं.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी मांडून पाहा. पहिल्यात मूल कर्ता आहे. दुसऱ्यात ते षष्ठी विभक्तीत गेलं आणि ‘ठेवणारे’ झाले आईबाबा. खेळणं हे क्रियापद होतं, त्याचं नाम झालं. नाम झालं की गोष्ट ठरवता येते, मोजता येते, पुढे ढकलता येते. भाषेत हे घडतं तेव्हा त्यामागे बहुधा जगण्यातलाच एखादा बदल असतो.

‘प्लेडेट’ हा शब्द अमेरिकेतला आहे, तिथे तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. त्यातल्या ‘डेट’चं मूळ लॅटिन ‘दाता’, म्हणजे ‘दिलेली’. रोमन लोक पत्रावर ते कुठून आणि कधी दिलं हे लिहीत, त्यावरून तारखेला हा शब्द मिळाला. पुढे अमेरिकी बोलीत त्याचा अर्थ ‘ठरवून घेतलेली भेट’ असा झाला. मराठीत आल्यावर प्लेडेट स्त्रीलिंगी झाली. तारीख आणि भेट दोन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळे ते आपसूक झालं असावं.

पण खेळाला तारीख का लागली? इंग्लंडमधली एक पाहणी मला यात फार बोलकी वाटते. १९७१ मध्ये तिथली ७-८ वर्षांची सुमारे ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात. १९९० मध्ये असं जाणारी उरली ९ टक्के. संशोधकांनी याचं मोठं कारण शोधलं ते रस्त्यांवरच्या गाड्यांमध्ये आणि त्यांच्या धास्तीत. मूल एकटं उंबऱ्याबाहेर पडत नसेल, तर त्याची भेट कुणीतरी मोठ्यानेच ठरवायला हवी. आपल्या शहरांत चाळीची सामाईक गॅलरी गेली, वाड्याचं अंगण गेलं, सोसायटीच्या मोकळ्या जागेत गाड्या लागल्या.

यात नुसती जागा गेली नाही, शब्दही गेले. चकणं, म्हणजे तळहात उताणे-पालथे टाकून वेगळा पडेल त्याने ‘सुटणं’. राज्य येणं, भिडू वाटून घेणं, ‘टाइमप्लीज’. खेळ कोण सुरू करणार, कोण थांबवणार, भांडण कसं मिटणार, याची सगळी व्यवस्था मुलांनी या शब्दांत बांधली होती. दोघंच जण असतील आणि पलीकडच्या खोलीत आई बसलेली असेल, तर चकायची वेळच येत नाही.

माझा सर्वांत लाडका शब्द ‘लिंबूटिंबू’. कुणाचं तरी धाकटं भावंड मागे लागलेलं असायचं. त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण आउट झालं तरी त्याच्यावर राज्य नाही. मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मांडलं होतं की मूल एकट्याने जे करू शकत नाही, ते जरा जाणत्याच्या सोबतीने करू शकतं आणि तिथेच शिकतं. लिंबूटिंबू नेमका त्या जागी उभा असतो. मोठ्या मुलांनाही त्याच्यासाठी नियम सैल करायला शिकावं लागतं. प्लेडेटला बोलावतात ते बहुतेक एका वर्गातलं, एका वयाचं मूल. तिथे लिंबूटिंबू लागतच नाही.

सवंगडी किती, यानेही फरक पडतो का? कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात सर्जिओ पेलिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांवर हे पाहिलं. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागातल्या एका पट्ट्यातल्या पेशींची जडणघडण पिल्लांना खेळायला मिळालं की नाही यावर अवलंबून होती. डोळ्यांच्या खोबणीवरच्या पट्ट्यावर मात्र सोबती किती होते याचा ठसा उमटला. उंदरांवरून मुलांबद्दल थेट निष्कर्ष काढू नये. तरीही भिडू मोजायची आपली जुनी सवय मला यामुळे जास्तच मोलाची वाटते.

प्लेडेट ठेवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीच्या लेकीला मराठी बोलणारी जवळची मैत्रीण गाडीने अर्ध्या तासावर. तिथे आईने फोन केला नाही तर दोघींची भेटच होणार नाही. मात्र न्यूयॉर्कच्या पालकांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ तमारा मोझ यांना आढळलं की आईवडील प्लेडेटसाठी बहुधा आपल्यासारखीच घरं निवडतात. दारातून पळालेलं मूल अशी निवड करत नसे. खाली जो असेल तो भिडू.

मागच्या महिन्यात ती बहीण लेकीला घेऊन पुण्यात आली होती. संध्याकाळी पोरगी खाली गेली आणि धापा टाकत वर आली. “आई, ते मला लिंबूटिंबू म्हणतायत. म्हणजे मी खेळात आहे ना?”

“आहेस,” बहीण म्हणाली. पोरगी तोवर जिना उतरली होती.