नख उचकटू नका, गोंद सैल होऊ द्या

प्रेस-ऑन नखं, म्हणजे खऱ्या नखांवर चिकटवायची तयार खोटी नखं, काढल्यावर खालचं नख पांढुरकं, खरखरीत दिसलं की सगळा दोष गोंदाला दिला जातो. बहुतेक वेळा खरा दोष ओढण्याचा असतो.

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत, चपट्या पेशींचे एकावर एक बसलेले थर. सगळे मिळून जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. नेल ग्लू बहुधा सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे क्षणात चिकटणाऱ्या गोंदाच्याच कुळातला असतो. नखाशी त्याची पकड इतकी घट्ट बसते की जोर लावून उचकटलं तर गोंदाऐवजी नखाचेच थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा पापुद्रा खोट्या नखाबरोबर निघून येतो. मृत पेशींची जखम भरून येत नाही. तो भाग वाढून पुढे सरकेपर्यंत थांबावं लागतं, आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं. पूर्ण नवं नख यायला सहाएक महिने जातात.

गंमत म्हणजे हा गोंद ओलाव्यामुळेच घट्ट होतो आणि सैल करायलाही पाणीच कामी येतं. कोमट पाण्यात थोडा लिक्विड सोप आणि चमचाभर तेल घालून बोटं पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. खरं नख पाणी पिऊन किंचित फुगतं, वरचं प्लॅस्टिक फुगत नाही, त्यामुळे सांध्यावर ताण येतो. साबणामुळे पाणी बारीक फटीत शिरतं. मग लाकडी काडी कडेने हलकेच सरकवा आणि खोटं नख डावी-उजवीकडे हलवून पाहा. हललं नाही तर पुन्हा पाण्यात. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. गोंदाऐवजी चिकट टॅब लावले असतील तर ते कोमट पाणी आणि तेलाने बरेच लवकर सुटतात.

हट्टी गोंदाला ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात तो द्रव, लागतो. तो गोंद मऊ करून विरघळवतो, पण नख आणि भोवतालच्या कातडीतलं तेलही ओढून घेतो. म्हणून वाटीत बोटं बुडवून बसण्यापेक्षा कडेच्या कातडीला आधी व्हॅसलीन लावा आणि ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फक्त नखावर ठेवा. खोटं नख आधी कापून आखूड केलं तर वेळ वाचतो. ‘ॲसिटोन-फ्री’ रिमूव्हरकडून इथे फार अपेक्षा नको. खिडकी उघडी ठेवा, आणि जवळ गॅस, मेणबत्ती काही नको. ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. तो गरम करायला जाणं तर निव्वळ वेडेपणा.

खोटं नख निघाल्यावर खऱ्या नखावरचे गोंदाचे ठिपके लगेच घासू नका. ओलं नख मऊ असतं, कानशीने त्याचेही थर निघतात. पूर्ण वाळू द्या, मग बफर, म्हणजे नख गुळगुळीत करायचा मऊ ठोकळा, अगदी हलका फिरवा आणि तेल चोळा. खाली हिरवट डाग दिसला, नख कातडीपासून सुटलेलं वाटलं किंवा ठणकत असलं, तर त्यावर नवा संच चिकटवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.