मांजर कोठीमागे गेलं तेव्हा

बहिणीकडे गेले की तिच्या चार महिन्यांच्या लेकीला आणि घरातल्या मांजराला बघत बसणं हा माझा आवडता उद्योग. लेक आजीच्या मांडीवर, मांजर स्वयंपाकघरात येरझारा घालतंय. मांजर टेबलाच्या पायामागून गेलं तर पोरीची नजर त्याच्याबरोबर सरळ पुढे सरकते. तेच मांजर धान्याच्या कोठीमागे शिरलं, की शेपटी जिथे दिसेनाशी झाली तिथेच नजर अडकते. मांजर पलीकडून बाहेर पडून ओट्याखाली अंग चाटत बसलं, तरी ही आपली कोठीच्या अलीकडच्या कडेकडेच बघतेय. "लक्षच नाही हिचं," आजी म्हणते.

लक्ष पुरेपूर आहे. अडचण कोठीच्या रुंदीची आहे.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांवर बारकाईने नजर ठेवून १९३७ साली यावर लिहिलं. सात-आठ महिन्यांच्या आतल्या बाळाचं खेळणं त्याच्यादेखत फडक्याखाली झाकलं, तर ते फडकं उचलत नाही. यावरून पियाजेंनी ठरवलं, की दिसत नाही ती वस्तू बाळाच्या लेखी उरतच नाही. निरीक्षण पक्कं होतं, पण निष्कर्षात एक खोट होती. फडकं उचलायला हात लागतो, आणि 'आधी हे ओढू, मग ते धरू' असा बेतही लागतो. वस्तू आहे हे ठाऊक असूनही एवढी खटपट बाळाला जमत नसेल तर?

पुढच्या संशोधकांनी मग हातांना सोडून डोळ्यांना विचारायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी वापरला बाळाचा कंटाळा. तेच तेच दाखवत राहिलं की बाळ कमी कमी वेळ बघतं. काही नवं वाटलं की पुन्हा टक लावतं. हे सेकंद मोजायचे, बस्स.

फिलिप केलमन आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी १९८३ साली चार महिन्यांच्या बाळांना एक काठी दाखवली. तिचा मधला भाग ठोकळ्यामागे लपलेला, वरचं आणि खालचं टोक तेवढं बाहेर, आणि ती डावीउजवीकडे हलतेय. बाळं कंटाळल्यावर ठोकळा काढला. कधी अखंड काठी दाखवली, कधी मध्ये फट असलेले दोन तुकडे. बाळं तुकड्यांकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे ठोकळ्यामागे काठी सलग आहे, असंच त्यांनी धरलं होतं. काठी स्थिर ठेवली तेव्हा मात्र हा फरक पडला नाही. दोन्ही टोकं एकदम हलतात, यावरूनच त्यांना ती एक वाटत होती. नवजात बाळांवर असाच प्रयोग झाला तेव्हा निकाल नेमका उलटा लागला. त्यांना अखंड काठीच नवी वाटली. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच त्यांनी पाहिलं होतं : दोन तुकडे.

आता कोठीकडे येऊ. स्कॉट जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली पडद्यावर एक चेंडू इकडून तिकडे फिरवला. वाटेत एक चौकोन. चेंडू त्यामागे जातो, पलीकडून निघतो, परत येतो. बाळं कंटाळली की चौकोन काढून टाकायचा आणि चेंडू कधी सलग जाताना दाखवायचा, कधी मध्येच गायब होऊन पुढे उगवताना. चौकोन जेमतेम चेंडूएवढा, सुमारे ७ सेंटिमीटर रुंद होता, तेव्हा चार महिन्यांची बाळं गायब होणाऱ्या चेंडूकडे जास्त बघत राहिली. त्यांच्या हिशेबी चेंडू सलग गेला होता. चौकोन साधारण १८ सेंटिमीटरचा केला आणि हिशेब कोलमडला. सहा महिन्यांच्या बाळांना तेवढा रुंद चौकोनही चालला. दोन महिन्यांच्यांना अरुंदसुद्धा जमला नाही.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की 'कळतं' आणि 'कळत नाही' अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही. चार महिन्यांच्या बाळाला क्षणभराची गैरहजेरी भरून काढता येते, लांबलेली येत नाही. टेबलाचा पाय चालतो, कोठी चालत नाही.

ही मजल वाढते कशी? थोडी सरावाने. जॉन्सन यांच्याच गटाने बाळांच्या नजरेचा माग यंत्राने टिपला. सहा महिन्यांची बाळं चेंडू बाहेर यायच्या आधीच पलीकडच्या कडेवर नजर नेऊन ठेवत. चार महिन्यांची फारशी नाही. मग या धाकट्यांना आधी फक्त दोन मिनिटं, मध्ये काहीही आड न ठेवता, चेंडूची पूर्ण ये-जा दाखवली. एवढ्यावर त्यांची नजर सहा महिन्यांच्या बाळांसारखी पुढे जाऊन वाट पाहू लागली. दोन मिनिटं! आपण मोठी माणसं गाडी शिकायला महिना घेतो.

वस्तू आहे हे धरून चालणं वेगळं आणि ती कोणती हे लक्षात ठेवणं वेगळं. फेई शू आणि सुझन केरी यांनी १९९६ साली पडद्याच्या एका बाजूने खेळण्यातलं बदक काढलं, ते आत नेलं, आणि दुसऱ्या बाजूने चेंडू बाहेर काढला. असं अनेकदा केलं. मग पडदा उचलला, तर मागे एकच वस्तू. दहा महिन्यांच्या बाळांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बारा महिन्यांच्यांना वाटलं.

या साऱ्यावर आक्षेपही आहेत, आणि ते फुकाचे नाहीत. बाळ जास्त वेळ बघतं ते चकित होऊन, की चित्र नुसतं वेगळं दिसतं म्हणून? म्हणून काहींनी थेट मेंदूकडे मोर्चा वळवला. लंडनमध्ये सहा महिन्यांच्या बाळांच्या डोक्याला विद्युतलहरी टिपणारी जाळी घालून त्यांना बोगद्यात शिरणारी खेळण्यातली आगगाडी दाखवली. बोगदा उचलल्यावर गाडी तिथे नसली, की डोक्याच्या उजव्या बाजूला ठरावीक लहरींचा जोर वाढला. गाडी आत असायला हवी होती, याची काहीतरी नोंद मेंदूत असल्याखेरीज हे घडणं कठीण.

हे वाचून मी बहिणीकडे चेंडू आणि उशी घेऊन बसले. पहिल्या फेरीला भाचीची नजर उशीच्या अलीकडेच थांबली. दुसऱ्या फेरीला ती पलीकडे गेली असं मला तरी वाटलं. तिसऱ्या फेरीच्या आत तिने जांभई दिली आणि भोकाड पसरलं. प्रयोगशाळेतही कुरकुरणाऱ्या बाळांच्या नोंदी बाजूलाच काढतात, म्हणून मीही उशी जागेवर ठेवून दिली.