निनावी अर्ज आणि साताऱ्याची गादी

कचेरीत निनावी अर्ज आला की त्यावर बहुधा एकच शेरा पडतो, ‘दप्तरी दाखल’. सही नाही, पत्ता नाही, विषय संपला. सातारकर म्हणून मला यामागची धास्ती कळते. भलत्याच माणसाने लिहिलेल्या एका अर्जाची झळ इथल्या गादीने सोसली आहे.

१८३६ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर आळ आला, की ते कंपनीच्या पलटणीतले देशी अंमलदार फितवतात. त्यानंतर, कैदेत असलेल्या गोविंदराव दिवाणांच्या आई गिरजाबाई यांच्या नावाने मुंबई सरकारकडे एक अर्ज पोचला आणि त्या आरोपाला बळ मिळालं. अर्ज लिहिणारा माणूस वेगळाच होता, हे पुढे उघड झालं. तरी ५ सप्टेंबर १८३९ ला महाराज पदच्युत झाले आणि त्यांची रवानगी काशीला झाली. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी हा अन्याय लंडनच्या दारात नेला, वर्षानुवर्षं तिथे झगडले. पण महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले.

पण हे दुसऱ्याचं नाव वापरणं झालं. स्वतःचं नाव झाकणं मी त्याच मापाने मोजणार नाही. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकामध्ये ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख पंचविशीतले, सरकारी नोकरीतले. पुढे वाईला मुन्सफ झाले. आपल्याच समाजाच्या रूढींवर त्यांनी कोरडे ओढले. तो युक्तिवाद पटो न पटो, तो तोलायला लेखकाचं खरं नाव लागत नव्हतं.

नियम मात्र हेलकावे खात राहिले. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये निनावी तक्रारींवर कारवाई नको असं ठरवलं, २००२ मध्ये पडताळता येतील अशा तक्रारींपुरती वाट ठेवली. २०१३ मध्ये केंद्राने पुन्हा दार लावलं.

नाव देणाऱ्याचं काय होतं, हेही याच काळात दिसलं. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार अभियंता सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, आपली ओळख वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. ते पत्र नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये नाव फक्त आयोगाला कळेल अशी सोय झाली. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदाही तक्रारदाराची ओळख मागतोच, आणि मंजुरीनंतर कित्येक वर्षं त्याच्या अंमलाची तारीखच निघाली नाही.

माझा आग्रह एवढाच, की शेरा मारण्याआधी मजकूर वाचावा. रोजगार हमीच्या हजेरीपटात मेलेल्या माणसाचं नाव आहे असं कुणी कळवलं, तर हजेरीपट आणि गावातली मृत्यूची नोंदवही शेजारी ठेवायला अर्धा तास पुरतो. तेवढ्यासाठी अर्जदाराची सही लागत नाही.