बॅक्टेरिया एकमेकांना विष कसं घालतात

बरेचसे बॅक्टेरिया शेजारच्या जंतूंना मारायला किंवा निदान त्यांची वाढ रोखायला स्वतः विष बनवतात आणि बाहेर सोडतात. कॉलरा किंवा घटसर्पात माणसाला त्रास देणारी टॉक्सिन्स वेगळी, ती आपल्या पेशींवर काम करतात, इथे विषय आहे तो जंतूंनी जंतूंवरच वापरलेल्या विषांचा. भांडण खाण्यावरून आणि जागेवरून असतं. आतडं घ्या, माती घ्या, दातावरचा थर घ्या, खायला मोजकं आणि खाणारे अफाट, आणि त्यात सगळ्यात मोठा वैरी म्हणजे जवळचा नातेवाईकच, कारण तो नेमकं तेच खातो आणि तिथेच राहतो. म्हणजे ही सरळसरळ भाऊबंदकी आहे. त्यामुळे यातली बरीच विषं फक्त आपल्याच जातीच्या किंवा अगदी जवळच्या जातीच्या बॅक्टेरियांवर चालतात, लांबच्यांना काही होत नाही.

पहिली ठोस नोंद १९२५ ची. बेल्जियमच्या आंद्रे ग्रासियांना दिसलं की आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या एका वाणातून बाहेर पडणारा पदार्थ ई. कोलायच्याच दुसऱ्या वाणाची वाढ थांबवतोय. अशा पदार्थांना पुढे कोलिसिन नाव पडलं आणि एकूणच बॅक्टेरियांनी बनवलेल्या या प्रकारच्या प्रोटीन विषांना बॅक्टेरिओसिन म्हणायला लागले.

कोलिसिन जरा नीट बघण्यासारखं आहे कारण सगळी गंमत त्याच्या बांधणीत आहे. एकाच लांब प्रोटीनचे तीन भाग, एक समोरच्या पेशीला चिकटतो, एक आत घुसायची सोय करतो आणि एक प्रत्यक्ष मारतो. चिकटायला ते अशी जागा निवडतं जी त्या पेशीला स्वतःच्या पोटासाठी लागते, उदाहरणार्थ ई गटातली कोलिसिन्स बीटीयूबी नावाच्या प्रोटीनला धरतात जे खरं तर व्हिटॅमिन बी१२ आत घेण्यासाठी असतं, काही दुसरी कोलिसिन्स लोह आत घेणाऱ्या प्रोटीन्सना धरतात. हे दार बंद करावं तर विष येत नाही पण खाणंही कमी पडतं. आत गेल्यावर प्रत्येकाची पद्धत वेगळी. ई१ आतल्या पटलाला भोक पाडतं, ई२ आणि ई९ डीएनए तोडतात, ई३ रायबोसोममधल्या, म्हणजे पेशीच्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रातल्या, आरएनएला एका ठरावीक जागी कापतं की प्रोटीन बनणंच बंद, आणि कोलिसिन एम पेशीभित्तीच्या कच्च्या मालाची वाट लावतं.

मग बनवणारा स्वतः कसा मरत नाही? विषाच्या जीनला लागूनच उताऱ्याचा जीन असतो. त्यातून बनणारं इम्युनिटी प्रोटीन, निदान डीएनए तोडणाऱ्या कोलिसिन्समधे, विषाच्या मारक भागाला बनल्या बनल्या घट्ट धरून ठेवतं, आणि ई९ ची ही जोडी तर माहीत असलेल्या सगळ्यात घट्ट प्रोटीन जोड्यांमधे मोजतात. हे दोन्ही जीन बहुतेक वेळा प्लाझमिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात, त्यामुळे एखाद्या पेशीने प्लाझमिड गमावला की उतारा गेला आणि बहिणींनी सोडलेल्या विषानेच ती मरते. प्लाझमिड टिकून राहायला याचा चांगलाच उपयोग होतो.

पण याला किंमत आहे आणि ती भयंकर आहे. कोलिसिन बाहेर पडतं ते सहसा पेशी फुटूनच, म्हणजे सोडणारी मरते आणि फायदा होतो तिच्या बहिणींना. म्हणून डीएनएला इजा झाल्यावर आणि तीही थोड्याच पेशींमधे ही यंत्रणा सुरू होते. हा सौदा परवडतो का हे जागेवर ठरतं. हलत्या द्रवात विष सगळीकडे पसरतं, तिथे विष बनवणारे आधीच बऱ्यापैकी संख्येने असतील तरच जिंकतात, घट्ट पृष्ठभागावर मात थोडे असले तरी चालतं कारण मेलेल्या शेजाऱ्याची जागा आणि खाणं त्यांनाच मिळतं. २००२ साली ई. कोलायचे तीन वाण एकत्र वाढवले, एक विष बनवणारा, एक विषाला बळी पडणारा, एक विषाला दाद न देणारा. बनवणारा बळीला मारतो, दाद न देणारा बनवणाऱ्यापेक्षा वेगाने वाढतो कारण त्याला विषाचा खर्च नाही, आणि बळी पडणारा दाद न देणाऱ्याला मागे टाकतो कारण बळीची खाणं आत घेणारी दारं शाबूत आहेत, दाद न देणाऱ्याची बिघडलेली, म्हणजे दगड-कागद-कात्रीच. प्लेटवर तिन्ही टिकले, हलवत्या फ्लास्कमधे शेवटी फक्त दाद न देणारा उरला. एकाच जातीचे इतके वाण एकत्र कसे नांदतात याचं एक उत्तर मला तरी यात दिसतं.

सगळे असे नुसतं आजूबाजूला विष सोडून देत नाहीत, काही थेट भिडतात. टाइप सहा सिक्रीशन सिस्टम ही कॉलराच्या जंतूत २००६ मधे ओळखली गेली, बॅक्टेरियोफाज या बॅक्टेरियांनाच लागण करणाऱ्या व्हायरसच्या शेपटीसारखी नळी, तिच्याभोवतीचं आवरण झटक्यात आखडतं आणि टोकाला विष लावलेली नळी शेजाऱ्याच्या अंगात घुसते. स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू तर ज्या बाजूने वार झाला त्याच बाजूला उलटा वार करतो. कॉलराचा जंतू मारलेल्याचा डीएनएही उचलतो आणि वापरतो. इथेही प्रत्येक विषाबरोबर त्याचा उतारा असतोच, नाहीतर शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या बहिणी मेल्या असत्या. ई. कोलायमधे २००५ ला सापडलेली सीडीआय यंत्रणा पण अशीच, स्पर्श झाला तरच चालणारी.

ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे ई. कोलायसारखं बाहेरचं जादा पटल नसलेल्या, बॅक्टेरियांचं सगळ्यात ओळखीचं विष म्हणजे लॅक्टोकोकस लॅक्टिसचं नायसिन, फक्त ३४ अमिनो आम्लांचं, ते पेशीभित्ती बनवायला लागणाऱ्या लिपिड टू ला धरतं आणि त्याच्याच आधाराने भोक पाडतं. पदार्थ टिकवायला ते बऱ्याच देशांत वापरतात. बॅसिलस सबटिलिस उपाशी पडला की स्वतःच्याच वसाहतीतल्या पेशी मारून खातो आणि स्पोर, म्हणजे वाईट दिवस काढायचं टणक रूप, बनवायचं लांबवतो. माणसाच्या नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस लुगडुनेन्सिस लुगडुनिन बनवतो, ज्याने स्टॅफिलोकोकस ऑरियस मरतो, हे २०१६ मधे समोर आलं.

शेतीत याचा वापर जुना आहे. फळझाडांना आणि गुलाबाला क्राउन गॉलच्या गाठी आणणाऱ्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियमविरुद्ध त्याचाच निरुपद्रवी भाऊ, के८४ नावाचा वाण, मुळांना लावतात, तो अ‍ॅग्रोसिन ८४ सोडतो. अडचण अशी की विष आणि उतारा दोन्ही असलेला के८४ चा प्लाझमिड रोग आणणाऱ्या वाणातही जाऊ शकतो, आणि तो गेला की त्या वाणावर विष चालेनासं होतं, म्हणून प्लाझमिड दुसरीकडे जाण्यासाठी लागणारा भाग कापून टाकून के१०२६ हा वाण तयार केला.