“मला काही झालं नाही” म्हणणारा माणूस

पहिल्या पावसात कर्वे रस्त्यावर दुचाकी घसरते. लोक धावतात. कोणी गाडी उचलतं, कोणी पाण्याची बाटली तोंडाला लावतं, दोघं जण काखेत हात घालून त्याला उभं करतात. तो कपडे झटकतो, “मला काही झालं नाही” म्हणतो आणि गाडी सुरू करतो. मला काळजी वाटते ती याच माणसाची.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅमचा हा मऊ अवयव पातळ द्रवात तरंगत असतो. डोकं आदळून थांबलं तरी आत मेंदू हलतो, पिळवटतो. चेतापेशींचे नाजूक तंतू ताणले जातात आणि त्यांचं काम काही काळ बिघडतं. यालाच डॉक्टर कन्कशन म्हणतात. रक्त किंवा टेंगूळ येईलच असं नाही, सीटी स्कॅनही बहुधा नॉर्मल येतो. बेशुद्ध पडलं तरच मार गंभीर, ही समजूत चुकीची आहे. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही.

म्हणून त्याला बोलतं करा. कुठून निघालात? आज वार कोणता? तो अडखळला, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागला, डोकं दुखतंय, गरगरतंय, उजेड सहन होत नाही म्हणाला, तर गाडीची किल्ली काढून घ्या. त्या दिवशी त्याने गाडी चालवायची नाही. मैदानावर पडलेल्या मुलालाही हाच नियम; राहिलेला सामना गेला तरी चालेल. मेंदू सावरण्याआधी पुन्हा मार बसला तर तो फार महागात पडू शकतो.

याहून घातक प्रकार कानशिलावरच्या माराचा. तिथे कवटीचं हाड पातळ असतं आणि आतल्या बाजूने एक धमनी जाते. ती फाटली की कवटीखाली रक्त साठू लागतं. माणूस तासभर, कधी अनेक तास नीट बोलतो, चहासुद्धा पितो आणि मग कोसळतो. वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, न आवरणारी गुंगी, डोळ्यांच्या लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, आकडी, हातापायातली ताकद जाणं, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव येणं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा.

जखमी निपचित असेल तर त्याला उठवून बसवू नका, मानेलाही इजा झालेली असू शकते. डोकं आणि मान सरळ रेषेत धरून ठेवा. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नका. उलटी झाली तर मान न वळवता सगळं शरीर एकदम कुशीवर घ्या. कानातून रक्त येत असेल तर बोळा कोंबू नका. कांदा हुंगवू नका, पाणी पाजू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशातून ते फुप्फुसात जातं.

घरी आल्यावर “झोपू देऊ नका” असा हमखास सल्ला मिळतो. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोप हवीच, फक्त पहिले २४ तास कोणीतरी सोबत राहावं. मनाने ॲस्पिरिन मात्र देऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो.

आणि आजोबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर त्यांचं मोरीत घसरणंही किरकोळ समजू नका, त्याच दिवशी दाखवा. वयस्करांच्या मेंदूभोवती रक्त इतकं हळू साठतं, की चालण्यातला झोल किंवा विसरभोळेपणा कधी कधी तीन-चार आठवड्यांनी दिसतो. तोवर ते पडणं घरातले सगळेच विसरलेले असतात. डॉक्टरांना ते आठवून सांगा.