टिफ्रॅक आणि आर. नरसिंहन

1954 मध्ये आर. नरसिंहन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, तेव्हा देशात एकही आधुनिक संगणक नव्हता. मद्रासमध्ये जन्मलेले नरसिंहन तिथल्याच गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंजिनिअर झाले, अमेरिकेत कॅलटेकला (कॅलिफोर्नियाची तंत्रज्ञान संस्था) विद्युत अभियांत्रिकी शिकले आणि इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएच.डी. घेऊन परतले. संस्थेचे संचालक होमी भाभांना अणू आणि मूलकण संशोधनातल्या आकडेमोडीसाठी यंत्र हवे होते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ते ब्रिटनमधून आणले. मुंबईने स्वतः बांधायचे ठरवले. धाडसच म्हणायचे, कारण नरसिंहन यांच्या हाताखालच्या तरुणांपैकी कुणी संगणक बनवणे सोडाच, कधी वापरलाही नव्हता.

आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र झाले, 1956 च्या अखेरीस. ते चालले, म्हणून पुढचे. पूर्ण यंत्र 1960 मध्ये वापरात आले. त्यात सुमारे 2700 व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, होत्या. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची स्मृती 2048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. उत्तरे आलेखाच्या रूपात पाहायला पडदाही जोडला होता. 1962 मध्ये संस्थेच्या कुलाब्यातल्या नव्या वास्तूच्या उद्घाटनाला आलेल्या नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ (टीआयएफआर ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर; टीआयएफआर म्हणजे टाटा संस्था) असे नामकरण केले. तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते आणि बारसे होईपर्यंत यंत्र जुने झाले, हे मान्य करावेच लागते. 1964 मध्ये अमेरिकन सीडीसी 3600 संगणक आला आणि टिफ्रॅकचे काम आटोपत गेले.

मला मात्र टिफ्रॅक बांधून झाल्यावर नरसिंहन यांनी घेतलेले वळण अधिक महत्त्वाचे वाटते. 1961 ते 1964 या काळात ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे बबल चेंबरमधल्या (द्रवातल्या बुडबुड्यांच्या रेषांतून मूलकणांची वाट दाखवणारे उपकरण) कणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राला कशी ‘वाचता’ येतील, हा प्रश्न होता. वाक्याला जसे व्याकरण असते तसे चित्रालाही असू शकते, अशी मांडणी त्यांनी केली. चित्रओळखीच्या संशोधनात ही शाखा पुढे चांगली रुजली. यंत्र बांधणारा माणूस भाषा आणि आकलनाकडे वळला, तो कायमचा.

परतल्यावर संस्थाबांधणीही आलीच. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. 1977 मध्ये पद्मश्री मिळाली. टाटा संस्थेत त्यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले सॉफ्टवेअर केंद्र 1985 मध्ये एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) नावाने वेगळे झाले. जुहूच्या या संस्थेने देशातल्या सुरुवातीच्या इंटरनेटसाठी बरेच काम केले. पुढे ती सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली.